म्हापशाचे शल्यवैद्य डॉ. पुंडलीक गायतोंडे

गोमंतकाच्या अर्वाचीन इतिहासात वैद्यकीय व्यवसायाला जे स्थान लाभले ते इतर कोणत्याही विद्येच्या वाट्यास आले नाही. वकील पुष्कळ होते आणि भाटकार त्याहूनही पुष्कळ होते. परंतु ज्याच्यासमोर पाखलो अधिकारी, भाटकार आणि मुंडकार हे तिघेही सारखेच असहाय होऊन बसत, असा मनुष्य गावात एकच असे आणि तो म्हणजे डॉक्टर. त्याच्या शब्दाला औषधाइतकेच वजन असे. म्हणूनच त्याने काय बोलावे व काय बोलू नये, याबद्दल राज्यकर्ते इतरांपेक्षा अधिक जागरूक असत. डॉ. पुंडलीक गायतोंडे यांचे चरित्र पाहताना ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते.

पोर्तुगीज सत्तेला गोमंतकीय वैद्याची गरज अगदी आरंभापासूनच भासली. इ. स. १५३४ मध्ये गोव्यात आलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य आपल्या १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याशी झालेला संवाद आदराने नमूद करतो. इन्क्विझिशनच्या काळात, देवालये उद्ध्वस्त होऊन देवांना नदीपलीकडे न्यावे लागले त्या काळातही, हिंदू वैद्याला राज्यकर्त्यांच्या व पाद्र्यांच्या शय्येपाशी प्रवेश असे. ज्याच्या देवाला गावात जागा नव्हती त्याच्या मुळ्यापाल्याला मात्र होती! ज्याचा उपयोग आहे त्याला जवळ करायचे, परंतु त्याला बोलू द्यायचे नाही, ही जी रीत तेव्हा पडली तीच पुढे चार शतके चालू राहिली असे म्हणावयास हरकत नाही.

इ. स. १८४२ मध्ये काउंट द आंतश हे गव्हर्नर असताना पणजीस एस्कोला मेदिकाची स्थापना झाली. मातेउश मोआशो हे मुख्य वैद्याधिकारी तिचे प्रवर्तक होत. आशिया खंडातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या अगदी जुन्या विद्यालयांत तिची गणना होते, आणि मांडवीच्या काठच्या माकिनेज प्रासादात तिचे कार्य दीर्घकाळ चालले. मात्र तेथे पदवी मिळविलेल्या डॉक्टराचे पुढे काय होई, हे पाहण्याजोगे आहे. मोझांबिक, अंगोला, तिमोर अशा दूरदूरच्या वसाहतींत त्यास नेमणूक मिळे. परंतु खुद्द पोर्तुगालमध्ये त्याची पदवी पुरेशी मानली जात नसे. तेथे व्यवसाय करावयाचा तर लिस्बन, कोइंब्रा अथवा पोर्तो येथे पुन्हा अभ्यास करून परीक्षा द्यावी लागे. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे असे सांगणारी राजवट गोव्याची वैद्यकीय पदवी मात्र पोर्तुगालची मानीत नव्हती.

ज्यांना हा मार्ग रुचला नाही त्यांनी मुंबईची वाट धरली. पेडणे महालातील मांद्रे येथे १८२२ मध्ये जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड आणि बार्देशातील हडफडे गावचे डॉ. आकासियु व्हियेगश ही दोन नावे सर्वांस परिचित आहेत. १८९६ साली मांडवी भागात ग्रंथिज्वराची साथ प्रथम ओळखली ती याच डॉ. व्हियेगश यांनी. गोव्याने मुंबईला डॉक्टर दिले, आफ्रिकेला दिले, तिमोरला दिले. गोव्यातील लहान शहरांच्या वाट्यास मात्र निष्णात शल्यवैद्य क्वचितच येई. असाध्य वाटणारा रोगी झाला की त्यास घाट चढवून मिरजेस किंवा बेळगावास न्यावयाचे, हाच अनेक घरांचा परिपाठ होता. पोट फाडावयाचे आहे असे कळताच देवास कौल लावून मिरजेची तयारी करणारी कुटुंबे गोव्यात थोडीथोडकी नव्हती.

अशा परिस्थितीत डॉ. गायतोंडे यांचा उदय झाला. त्यांचा जन्म १९१३ साली काणकोण महालातील पाळोळे येथे झाला. आज देशोदेशींच्या पर्यटकांनी गजबजलेला हा समुद्रकिनारा त्या काळी माड, मासळी आणि शेती यांवर जगणारा एक निवांत गाव होता. काणकोण महाल हा नव्या काबिजादीतला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सौंदेकरांकडून पोर्तुगिजांकडे आलेला. तेथील देवळे मोडली गेली नव्हती, पर्तगाळीचा मठ तेथेच उभा होता, आणि घराघरांत मराठी पोथ्या वाचल्या जात होत्या. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले. धर्म व शासन यांची फारकत झाली आणि हिंदूंना सरकारी शिक्षणाची व नोकऱ्यांची दारे पूर्वीपेक्षा अधिक उघडली. त्या प्रजासत्ताकाने दिलेल्या संधीवर वाढलेल्या हिंदू तरुणांच्या पिढीत पुंडलीकरावांचा समावेश होतो. पोर्तुगीज भाषेवर उत्तम प्रभुत्व मिळवावे, उच्च शिक्षण लिस्बनला घ्यावे आणि तरीही घरच्या तुळशीवृंदावनाला अंतर देऊ नये, असा त्या पिढीचा दुहेरी संसार होता.

लिस्बन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले व शल्यशास्त्रात प्रावीण्य मिळविले. त्याच सुमारास युरोपात महायुद्ध पेटले होते. पोर्तुगाल तटस्थ राहिला, परंतु त्या तटस्थ देशातही सालाझारची हुकूमशाही, तिचे गुप्त पोलीस आणि तिचा सेन्सॉर हे सर्व त्यांस जवळून पाहावयास मिळाले. तेथेच आझोरेश बेटांतील फायाल येथील एदिला आंद्राद यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एका हिंदू घराण्यातील मुलाने पोर्तुगीज ख्रिस्ती कन्येशी विवाह करावा, ही गोष्ट काणकोणच्या घरी सहजासहजी पचनी पडण्यासारखी नव्हती. १९४८ साली हे दांपत्य गोव्यास आले. सासरच्या हिंदू कुटुंबात आपण कशा वावरलो याचे चित्रण एदिलाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात केले आहे, आणि हिंदू घराच्या माजघरातील व्यवहार एका परक्या पण आपलेपणाने पाहणाऱ्या नजरेतून टिपणारे म्हणून ते मोलाचे आहे.

डॉक्टरांनी म्हापशास बस्तान बसविले. म्हापसे हे बार्देशाचे मुख्य शहर. शुक्रवारचा बाजार म्हणजे त्याचा प्राण. त्या दिवशी पेडणे, डिचोली, सत्तरी अशा दूरदूरच्या भागांतून माणसे मिरच्या, मडकी, गुळाच्या ढेपी, आणि कधी कधी डोलीत घातलेला रोगीही घेऊन येत. ज्यास लोक 'आझिलो' म्हणत त्या इस्पितळाची पायरी चढण्याआधी रोग्याने गावची वैजीण, हाड बसविणारा, मुळी देणारा आणि घाडी एवढ्यांचे दरवाजे सहसा ठोठावलेले असत. त्यामुळे लहान शहरातील शल्यवैद्याकडे रोगी येई तो बहुधा उशिराच. अशा वेळी शस्त्र चालविणाऱ्याला हाताच्या कौशल्याबरोबर धीरही लागतो, आणि रोग्याच्या नातेवाइकांशी त्यांच्या भाषेत बोलावे लागते. डॉ. गायतोंडे यांचा लौकिक वाढत गेला तो या दोन्ही गुणांमुळे. युरोपात शिकलेला, पाखल्यांच्या बरोबरीने बसणारा, आणि तरीही काणकोणी वळणाची कोकणी बोलणारा डॉक्टर म्हापशाला मिळाला होता. मिरजेची वाट त्यामुळे निदान काही घरांपुरती तरी चुकली.

यानंतरची घटना समजण्यासाठी त्या काळातील राजकारणाचे थोडे स्मरण करणे अवश्य आहे. १९३० च्या 'आक्तु कोलोनियाल' या कायद्याने वसाहतींतील प्रजेचे स्थान खालच्या पायरीवर नेऊन ठेवले होते. सभा भरविण्यास परवानगी लागे. वर्तमानपत्रेच नव्हेत तर लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या नजरेखालून जात. देवस्थानांच्या महाजनांना या राजवटीचा परिचय निराळ्या वाटेने होताच. १९३३ च्या नियमावलीने देवालयांचा जमाखर्च व अंदाजपत्रक महालाच्या अदमिनिस्त्रादोरच्या देखरेखीखाली आणले होते, आणि पालखीच्या खर्चाचाही हिशेब पोर्तुगीज भाषेतून मांडावा लागे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावला सभाबंदी मोडली. लोहिया गोव्यात आले होते ते आसोळणे येथील डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांचे पाहुणे म्हणून. त्या आंदोलनात ज्यांना शिक्षा होऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात रवाना करण्यात आले त्यांत डॉ. राम हेगडे हेही होते. लिस्बनच्या संसदेत १९४५ ते १९४९ या काळात गोव्याचे प्रतिनिधित्व करून अधिकारांची मागणी करणारे फ्रोयलानु द मेलो हेही डॉक्टरच, आणि एस्कोला मेदिकाचे संचालक. त्यांनाही अखेर ब्राझीलची वाट धरावी लागली. डॉक्टरांची ही मालिका योगायोगाची खचित नव्हे. रोग्याच्या घरी रात्री-अपरात्री जाणाऱ्यास परवाना विचारला जात नसे, आणि घरातील दुःख औषधाच्या चिठ्ठीपुरते नाही हे त्याला इतरांआधी कळे.

पुढे भारत स्वतंत्र झाला, इंग्रज गेले आणि वसाहती बाळगणे जगात लाजिरवाणे ठरू लागले. तेव्हा सालाझारने शब्दांचाच आश्रय घेतला. जून १९५१ मध्ये पोर्तुगालच्या घटनेत दुरुस्ती करून 'वसाहत' हा शब्द काढण्यात आला व त्या जागी 'सागरापारचा प्रांत' असा शब्द घालण्यात आला. त्या दिवसापासून गोवा ही वसाहत उरली नाही, आणि जी वसाहत नाही तिला मुक्त करण्याचा प्रश्नही उरला नाही, असा हा युक्तिवाद होता. भारताने वाटाघाटींचा प्रयत्न निष्फळ झाल्यावर जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. 'गोवा म्हणजे पोर्तुगालच' हे वाक्य त्यानंतर सरकारी भाषणांत, वृत्तपत्रांत आणि मेजवान्यांत पुनःपुन्हा उच्चारले जाऊ लागले.

१७ फेब्रुवारी १९५४ रोजीच्या रात्री अशाच एका खाजगी मेजवानीत डॉ. गायतोंडे उपस्थित होते. मेजावर पोर्तुगीज अधिकारी व गोमंतकीय प्रतिष्ठित मंडळी होती. भाषणाच्या ओघात वक्त्याने, येथे पोर्तुगालच आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ही मंडळी ते वाक्य इतक्या वेळा ऐकत आली होती की त्यावर टाळ्या पडणे किंवा निदान मौन राहणे हा शिष्टाचारच झाला होता. डॉक्टरांनी तेवढ्यात म्हटले, की मी याचा निषेध करतो.

त्यांनी याहून अधिक काही केले नाही. त्यांनी सभा घेतली नव्हती, पत्रक वाटले नव्हते, की झेंडा लावला नव्हता. पोर्तुगीज भाषेत निषेध करण्यास क्रियापदाचा एक शब्द पुरतो, आणि जेवणाच्या टेबलावर उच्चारलेल्या त्या एका शब्दाबद्दल त्यांना अटक करण्यात आली.

एवढ्याशा शब्दाची राजवटीने एवढी धास्ती का घ्यावी, असा प्रश्न तेव्हाही अनेकांस पडला. बाँब फेकणाऱ्याला दरोडेखोर म्हणता येई. सीमेपलीकडून येणाऱ्या सत्याग्रहीला भारताचा हस्तक म्हणता येई. सरकारी प्रचाराजवळ ही उत्तरे तयार होती. परंतु डॉ. गायतोंडे यांना काय म्हणावयाचे? ते लिस्बनला शिकलेले, पोर्तुगीज पत्नीचे पती, म्हापशाच्या इस्पितळातील नामांकित शल्यवैद्य. गोव्यातील हिंदू माणूसही पोर्तुगीज होऊ शकतो हे जगास दाखवावयाचे तर त्यांच्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण होते. त्यांची शिक्षणपत्रे, त्यांचा विवाह, त्यांची भाषा हे सर्व सरकारच्या बाजूचे पुरावे होते, आणि नेमका हाच साक्षीदार भर मेजवानीत उलटला. कायद्याच्या पुस्तकात या गुन्ह्यास कोणते नाव द्यावे हे शोधताना न्यायखात्याची तारांबळ उडाली असल्यास नवल नाही. शेवटी राज्याच्या अखंडतेविरुद्धचा अपराध हेच त्याचे स्वरूप मानले गेले.

काही समकालीन लोकांनी हा शब्द उतावीळपणाचा मानला. ज्याच्या हाती इतक्या रोग्यांचे प्राण आहेत त्याने घरी बायकोमाणसे व इस्पितळात रोगी असता जीभ आवरावयास हवी होती, असे म्हणणारे म्हापशात तेव्हा होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. हाच प्रश्न डॉक्टरला इतरांहून अधिक बोचरा असतो. वकील तुरुंगात गेला तर अशिलाचा दावा पुढे ढकलता येतो. पिकलेले आंत्रपुच्छ पुढे ढकलता येत नाही. तथापि ज्या माणसाने आयुष्यभर रोगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्याचे शिक्षण घेतले, त्याने वसाहतीला प्रांत म्हटलेले निमूटपणे ऐकावे, ही अपेक्षाही फारशी न्याय्य म्हणता येणार नाही.

अटकेनंतर त्यांस पोर्तुगालात नेण्यात आले. एदिलाबाईही मायदेशी परतल्या. परंतु राजकीय कैद्याची पत्नी म्हणून. ज्या लिस्बन शहरात डॉक्टरांनी शल्यविद्या शिकली त्याच शहरातील आल्जूब या तुरुंगाची कोठडी त्यांना पाहावी लागली. हा तुरुंग जुन्या भागात, मुख्य कॅथीड्रलच्या अगदी शेजारी होता. सालाझारच्या गुप्त पोलिसांनी पोर्तुगालातीलच विरोधकांना तेथे वर्षानुवर्षे डांबून ठेवले होते. गोवा आणि पोर्तुगाल यांच्यात खरोखर समानता होती ती या ठिकाणी.

इकडे म्हापशात काय झाले? अटकेच्या बातमीने गोव्यात व भारतात खळबळ उडाली आणि निषेध झाले. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाली; १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. ६ एप्रिल १९५५ रोजी खुद्द म्हापशात श्रीमती सुधाताई जोशी यांनी गोवा नॅशनल काँग्रेसच्या अध्यक्षा म्हणून उघड सत्याग्रह करून अटक पत्करली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात सीमेवर गोळीबार होऊन अनेक सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. कॅसलरॉक-कुळेमार्गे चालणारी आगगाडीही थांबली.

इतिहासाच्या पुस्तकांत या घटना एकापुढे एक ओळीने मांडलेल्या आढळतात. परंतु बार्देशातील एखाद्या सामान्य रोग्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ निराळा होता. १९५४ च्या फेब्रुवारीत शल्यवैद्य गेला आणि १९५५ संपण्यापूर्वी मिरजेचा रस्ताही मिटला. परवाना असल्यावाचून घाट चढता येईना आणि परवाना मिळेपर्यंत दुखणे थांबेना. आझिलोच्या पायरीवर डोली उतरत राहिल्या. आत जो होता त्याच्याकडून जे होईल ते होत राहिले. स्वातंत्र्याच्या किमतीचा हा भाग कोणत्याही स्तंभावर कोरलेला नाही. त्या सहा-सात वर्षांत वेळीच शस्त्रक्रिया न झाल्याने किती माणसे गेली याची मोजदाद कोण ठेवणार?

डॉक्टरांची पुढे सुटका झाली आणि ते दिल्लीस आले. पाच-सहा वर्षे तेथे वैद्यकीय सेवा करीत असतानाच गोव्याच्या मुक्ततेसाठी राजकीय कार्य त्यांनी चालविले. पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींचे नेते आणि गोमंतकीय कार्यकर्ते यांचा संबंध जुळावा यावर त्यांचा विशेष कटाक्ष होता. अंगोला व मोझांबिक यांचा प्रश्न आणि गोव्याचा प्रश्न एकच आहे, हे त्यांनी पुष्कळांच्या आधी ओळखले होते. गोमंतकीय डॉक्टर शंभर वर्षे आफ्रिकेत जात होते, परंतु पोर्तुगीज झेंड्याखाली; त्याच आफ्रिकेशी आता निराळे नाते जोडू पाहणारा हा डॉक्टर होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली तिसऱ्या लोकसभेवर गोव्याचे प्रतिनिधी म्हणून जे दोन सभासद नियुक्त झाले ते दोघेही डॉक्टर होते, एक डॉ. आंतोनियु कुलासो व दुसरे डॉ. पुंडलीक गायतोंडे. एस्कोला मेदिकाचे रूपांतर १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजात झाले आणि ते मुंबई विद्यापीठास जोडले गेले. गोव्याची पदवी दुसऱ्या दर्जाची मानण्याचा प्रकार त्याबरोबर संपला. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने गोव्याचे राजकारण अगदी निराळ्या हाती दिले. मुक्तीसाठी तुरुंगात गेलेली पुष्कळ मंडळी त्या लाटेत बाजूस पडली, आणि डॉ. गायतोंडे यांनाही गोव्याच्या नव्या व्यवहारात पूर्वीसारखे स्थान उरले नाही. ते पुढे इंग्लंडात जाऊन राहिले. म्हापशाचा डॉक्टर म्हापशास परतला नाही.

१९८७ साली लंडनहून त्यांचा गोवा मुक्तीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपण या इतिहासात भाग घेतलेला माणूस आहोत हे त्यांनी उपशीर्षकातच सांगून टाकले आहे. परंतु ग्रंथाचा बराच भाग स्वतःविषयी नसून मुत्सद्देगिरी, पत्रव्यवहार आणि लिस्बन-दिल्ली यांतील संबंध यांविषयी आहे. एदिलाबाईंचे आत्मकथनही त्याच वर्षी निघाले. एकाच संसारातील दोघांनी एकाच कालखंडाविषयी लिहिलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. पतीच्या पुस्तकात राष्ट्रे बोलतात. पत्नीच्या पुस्तकात म्हापशाचे घर, काणकोणची सासरची माणसे आणि आल्जूबच्या भेटीच्या वेळा आहेत. डॉ. पुंडलीक गायतोंडे १९९२ साली निवर्तले.